फिरकीचा तांब्या

"कळवतो" या शब्दाचा मला इतका राग आहे की आजही फोनवर कुणी "बघतो आणि कळवतो" म्हणालं, तर मी "नका कळवू" म्हणून फोन ठेवते. घरातली माणसं हसतात. त्यांना काय माहीत, माझ्या तरुणपणातली सहा-सात वर्षं या एका शब्दानं खाल्ली आहेत.

मी नटी. आमच्या नांदेडच्या गल्लीत हा शब्द आवाज खाली आणून बोलायचे, म्हणून मी तो मुद्दाम मोठ्यानं वापरायला लागले. कंधार, देगलूर, उदगीर अशा गावांतून तेव्हा हौशी नाटकमंडळी पुष्कळ होती. त्यांच्याकडे पुरुष ढिगानं असायचे; वकील, मास्तर, किराणा दुकानदार, सगळ्यांना नायक व्हायचं असायचं. बाई मात्र एक मिळायची नाही. कुणीच आपल्या घरची मुलगी स्टेजवर उभी करायला तयार नसे. मग मला बोलावणं यायचं. एका प्रयोगाला 'नाईट' म्हणत, आणि मी अशा नाईटवर जगत होते. पहिल्या अंकात सून, दुसऱ्यात विधवा, गरज पडली तर तिसऱ्यात सासूसुद्धा. या कामासाठी माझी कुणी कधी परीक्षा घेतली नाही. दुसरी कुणी नव्हतीच, तर परीक्षा कशाची घेणार?

पण कायमचं काही काम मिळवायचं म्हटलं की परीक्षा आलीच. त्याला आम्ही 'ट्रायल' म्हणायचो. रेडिओच्या ट्रायलला काचेपलीकडचे गृहस्थ म्हणाले, "आवाज चांगला आहे, पण माईकला जड होतोय. कळवतो." एका सिनेमावाल्यांना खेड्यातल्या बायका हव्या होत्या. त्यांनी मला उन्हात तासभर उभं केलं आणि म्हणाले, "तुम्ही गावाकडच्या वाटत नाही. कळवतो." त्याच महिन्यात पुण्याहून आलेल्या एका नाटकवाल्यांनी मला पाचव्या मिनिटाला थांबवलं. "तुम्ही फारच गावाकडच्या वाटता." पुढचा शब्द मीच मनात म्हणून टाकला. एका महिन्यात मी गावाकडची नव्हते आणि फारच गावाकडची होते. घरी येऊन मी आरशात पाहिलं, तर तोंड तेच होतं.

यातलं कुणीही कधी कळवलं नाही. तरी मी पोस्टमनची वाट बघत असे. सायकलची घंटा वाजली की हातातलं काम टाकून दारात जायचे आणि रस्त्यावर दुसरंच काही बघायला आल्यासारखी उभी राहायचे. पोस्टमनला ते कळत असावं. तो लांबूनच मान हलवायचा.

त्या सुमाराला लातूर जिल्हा नवीन झाला होता. उस्मानाबादपासून वेगळं होऊन आपला स्वतःचा कलेक्टर आला याचं लातूरकरांना कोण अप्रूप. रंग न वाळलेल्या पाट्या, भाड्याच्या खोल्यांतल्या कचेऱ्या, खुर्च्या अजून यायच्यात म्हणून बाकावर बसलेले कारकून. आणि त्याच वेळी पावसानं पाठ फिरवलेली. मांजरा नदीच्या पात्रात नुसती वाळू, बोअरला हवा. नव्या जिल्ह्यानं खेड्यापाड्यांत फिरायला एक कलापथक काढायचं ठरवलं. गाणी म्हणायची, छोटी नाटकं करायची, त्यांतून पाणी जपून वापरा, रोजगार हमीच्या कामावर या, असं लोकांना सांगायचं. त्यात बाईसाठी एक जागा होती. पगारी जागा, महिन्याच्या महिन्याला.

ती जागा मला हवी होती. पगाराचं होतंच, पण त्याहून जास्त मला हे हवं होतं की कुणी विचारलं "काय करता?" तर "नाटकात काम करते" म्हटल्यावर पुढचं "ते झालं, पण काय करता?" येऊ नये. नाटक करणं हीच माझी नोकरी आहे, असं मला एकदा म्हणायचं होतं. आईलाही त्याचं महत्त्व पटलं होतं. ती म्हणाली, "ही लागली तर मी लग्नाचा विषय पुन्हा काढणार नाही." आईच्या तोंडून हे येणं म्हणजे केवढी गोष्ट.

ट्रायलच्या दिवशी तिनं पहाटे उठून पाणी उकळलं, त्यात ज्येष्ठमधाची कांडी टाकली आणि गार झाल्यावर पितळेच्या फिरकीच्या तांब्यात काठोकाठ भरलं. झाकण पिळून घट्ट बसवलं. "लातूरला पाणी मिळायचं नाही. हे घशासाठी ठेव, वाटत बसू नको," म्हणाली. नांदेडला गोदावरी होती, नळाला दिवसाआड का होईना येत होतं. पहिली बस धरून लोहा, अहमदपूर, चाकूर करत मी निघाले. साडेचार तास तो तांब्या मांडीवर होता. वाटेत मी थेंबही प्याले नाही. आत जायच्या अगदी आधी दोन घोट घ्यायचे, असं ठरवलं होतं. कोरड्या घशानं पहिलंच वाक्य फाटतं, हे मी आधीच्या दोन ट्रायलांत अनुभवलं होतं.

ट्रायल एका शाळेत होती. उन्हाळ्याची सुट्टी, व्हरांड्यात आम्ही पाच जणी. तिघी तर ओढूनताणून आणलेल्या दिसत होत्या. एकीचा भाऊ तिला "नुसतं गाणं म्हण आणि ये" असं समजावत होता. चौथी माझ्या शेजारी बसली होती. लातूरकडच्या मुरुडजवळच्या खेड्यातली, वीस-एकवीस वर्षांची, भजनात गाते म्हणून कुणीतरी पाठवलेली. तिला नाटकातलं काहीही माहीत नव्हतं. "अक्का, आत काय करायला लावतेत?" असं तिनं मला तीनदा विचारलं. मी तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा जरा मोठेपणानं सांगितलं. सात वर्षं स्टेजवर असल्याचा थोडा तोरा होता मला, तो त्या पोरीपुढे मिरवून घेतला.

अकरा वाजले, मग बारा. ट्रायल घेणारे साहेब आले नव्हते. शाळेचा रांजण पालथा घालून ठेवला होता. तिची नजर माझ्या तांब्यावर आली होती, ते मला मघाशीच दिसलं होतं. शेवटी ती म्हणाली, "अक्का, घोटभर पाणी असंल का? घसा लई वाळलाय."

मी म्हणाले, "संपलं गं."

इतकं पटकन आलं ते तोंडातून. आणि मी नटी असल्यामुळे नुसतं म्हणून थांबले नाही. तांब्या उचलून तिच्यासमोर हलवून दाखवला. "बघ, वाजत पण नाही." काठोकाठ भरलेला तांब्या वाजत नसतो, रिकामाही वाजत नसतो. ती "बरं" म्हणाली. मी तांब्या पिशवीत ठेवला.

आईनं सांगितलं होतं म्हणून, असं म्हणता आलं असतं. मनातल्या मनात म्हणालेही. पण खरं सांगायचं तर घोटभर पाणी दिल्यानं माझा घसा काही वाळणार नव्हता. मला तिचा घसा ओला व्हायला नको होता. त्या चौघींमध्ये आवाज तिचाच चांगला होता. बसल्या बसल्या ती काहीतरी गुणगुणत होती, ते मी ऐकलं होतं. थोड्या वेळानं साहेब आले आणि माझा नंबर जवळ आला, तेव्हा मी पिशवी घेऊन शाळेच्या मागच्या बाजूला गेले. तिथल्या भिंतीकडे तोंड करून दोन घोट प्याले, पदरानं ओठ पुसले आणि परत आले. पाणी पिण्यासाठी लपायची ती माझी पहिलीच वेळ.

वर्गात तीन माणसं होती. साहेब, एक संगीताचे मास्तर आणि बाहेरगावाहून आलेले खादीच्या झोळीवाले परीक्षक. मी स्वगत पाठ करून गेले होते, ते कुणी ऐकलंच नाही. परीक्षकांनी कोपऱ्यातली पत्र्याची रिकामी घागर पुढे केली. "पाणी आणा आणि घरात ठेवा. तीन मिनिटं."

मला मनातून हसूच आलं. हे तर माझं रोजचं काम. स्टेजवर घागर नेहमी रिकामीच असते आणि ती भरलेली दाखवणं ही नटीची पहिली शिकवणी. मी दोर सोडला, घागर बुडवली, दोर ओढताना दम लागू दिला. घागर कमरेवर घेतली, दुसऱ्या बाजूला झुकले. उंबऱ्याशी जरा पाणी सांडलं, पायावरचं झटकलं. घागर खाली ठेवताना गुडघ्यात वाकून हळू, तळ आधी एका कडेनं टेकवला. मास्तर "वा" म्हणाले. साहेबांनी काहीतरी लिहिलं. परीक्षक म्हणाले, "सराव आहे तुम्हाला." मी मान लववली. त्यांनी कौतुक केलं नव्हतं, हे मला बाहेर आल्यावरही कळलं नाही.

मग तिला आत बोलावलं. खिडकीची एक फळी निखळली होती, तिथून मी बघत राहिले. तिलाही तीच घागर, तेच काम. ती घागर घेऊन चार पावलं चालली आणि मटकन खाली बसली. विहीर नाही, दोर नाही. हातानं जमीन उकरायला लागली. थोडं उकरलं, थांबली. वाकून बघितलं. पुन्हा थांबली. मला क्षणभर कळेना ही काय करून राहिली. मग कळलं. कोरड्या ओढ्याच्या वाळूत खड्डा करून बसायचं, पाणी पाझरून वाटीभर साठेपर्यंत थांबायचं, गढूळ होऊ न देता ते वाटीनं अलगद उचलायचं आणि घागरीत ओतायचं. तिच्या गावात पाणी असंच आणत होते. तिनं तिकडच्या पद्धतीनं 'पाणी आणा' केलं होतं.

एक वाटी झाली. ती पुन्हा वाट बघत बसली. दुसरी वाटी. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"बाई, तीन मिनिटं झाली. आता घरी चला."

"आजून भरली न्हाई, साहेब," ती म्हणाली. घसा इतका कोरडा पडला होता की 'भरली' हा शब्द मधेच तुटला.

"भरली असं समजा."

"कशी समजू?" तिनं खरंच विचारलं. ती उद्धटपणा करत नव्हती, तिला प्रश्न पडला होता. आणि ती पुन्हा खड्ड्याकडे बघायला लागली.

मी मनात म्हणाले, गेली. मोठ्या समाधानानं म्हणाले. मग परीक्षक खुर्चीतून उठून तिच्याजवळ गेले आणि खाली बसून त्या नसलेल्या खड्ड्यात बघायला लागले. तेव्हा मी खिडकीपासून मागे सरले.

आम्हा पाचही जणींना सांगितलं, "कळवतो."

तीन महिने मी पोस्टमनची वाट बघितली. मग उदगीरला एका नाईटला गेले असताना तिथले मेकअपवाले म्हणाले की कलापथक त्यांच्या सासुरवाडीला येऊन गेलं. "एक पोरगी हाय, नुसती घागर घेऊन बसती. बोलत बी न्हाई. बाया रडायल्या बघून." मी तोंडाला पावडर लावून घेत होते. "अच्छा," म्हणाले. त्या रात्रीचा माझा प्रयोग वाईट झाला.

मला खूप राग आला होता. तिचा आलाच, पण जास्त त्या परीक्षकांचा. मी सात वर्षं रिकाम्या घागरी भरून दाखवल्या, ते कशात जमा झालं नाही. आणि हिनं घागर भरलीच नाही तर हिला नोकरी. एक मात्र खरं. त्यानंतर स्टेजवर दोर ओढताना मला तो दोर दोर वाटेनासा झाला. आपल्या विहिरीला नेहमीच पाणी असतं, हे लक्षात यायला लागलं.

पुढच्या वर्षीही पाऊस आला नाही. उन्हाळ्यात पुन्हा जाहिरात निघाली, कलापथकात आणखी एक बाई हवी होती. जाऊ नये असं फार वाटलं, आणि गेले. आईनं तोच तांब्या भरून दिला. तीच शाळा, तोच व्हरांडा. फरक एवढाच की या वेळी दाराशी ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ होता, त्यावर पेला आणि पाणी काढायचं लांब दांड्याचं ओघराळं होतं आणि शेजारी ती उभी होती. ट्रायलला येणाऱ्यांसाठी माठ ठेवायचा हट्ट तिनंच साहेबांकडे धरला होता, असं तिथला शिपाई म्हणाला. पाणी ती स्वतः टँकरवर उभी राहून आणायची.

"अक्का, वळखलं का?" ती म्हणाली. "आदी पाणी प्या."

मी प्याले. पिताना मला तिच्याकडे बघवेना. पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "मागच्या वर्षी माझ्याकडे पाणी होतं."

"हाव. ठाऊक हाय मला."

"कसं?"

ती हसली. "मोकळा तांब्या कुणी इतका निगुतीनं ठेवतंय व्हय पिशवीत? उभाच्या उभा, दोन्ही हातांनी. आमचा जलम पाणी वाहन्यात गेला, अक्का."

सात वर्षं मी रिकामं भांडं भरलेलं दाखवत होते, आणि भरलेलं भांडं रिकामं म्हणून दाखवायची वेळ आली तेव्हा एका भजनी पोरीनं मला पकडलं होतं. कान गरम झाले. मी माफी मागायला लागले, तर तिनं हात धरला.

"राग न्हाई. मी बी दिलं नसतं कदाचित, घशाचा सवाल होता. पन मी म्हनले असते, देत न्हाई म्हनून. तुम्ही तसं म्हनला असता, तर मी दुसरीकडं मागितलं असतं. तुम्ही संपलं म्हनलात, आन् मी आस सोडून तशीच बसले."

तासाभरानं माझं नाव पुकारलं गेलं. परीक्षक या वेळी दुसरे होते, साहेब तेच. कलापथकातली म्हणून तीही आत येऊन कोपऱ्यात बसली. आणि घागर तीच, पत्र्याची. "पाणी आणा आणि घरात ठेवा."

मला वाळूत बसून खड्डा उकरता आला असता. मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. पण तिच्यादेखत तिचंच काम चोरायची हिंमत झाली नाही. मी माझ्या विहिरीवर गेले. दोर ओढला, घागर कमरेवर घेतली, उंबरा ओलांडला. सगळं नीट चाललं होतं. मग ठेवायची वेळ आली, माझं लक्ष कोपऱ्यात गेलं आणि घागर ठण् करून जमिनीवर आदळली. कुणीही रिकामी घागर ठेवतं तशी.

"बाई," साहेब म्हणाले, "भरलेली आहे ना ती?"

"हो."

"मग?"

परीक्षकांनी कागद उलटा केला.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "कळवतो."

बाहेर येऊन मी पिशवी उचलली. बसला अजून वेळ होता, पण मला तिथून निघायचं होतं. मी फाटकापर्यंत पोचले, तेवढ्यात ती मागून आली. धावत आल्यामुळे तिला दम लागला होता.

"अक्का, कळवणार न्हाईत. तुम्ही वाट बघत बसू नका. अहमदपूरच्या बाईंना घेतलं, आत्ताच ठरलं."

इतक्या वर्षांत इतक्या माणसांपुढे मी उभी राहिले, पण तोंडावर 'नाही' म्हणणारी ती पहिलीच. मला रडू आलं. फाटकाच्या गजाला धरून मी चांगली रडले, आणि मग मोकळं वाटलं. पोस्टमनकडे बघायचं नाही, सायकलची घंटा ऐकायची नाही. परवा देगलूरला नाईट होती, तिच्या तालमीला लागायचं होतं. ती माझ्याजवळ उभी राहिली. मी तोंड पुसलं, तेव्हा तिनं हात पुढे केला.

"तांब्या द्या इकडं."

माठ असूनही नाव पुकारेपर्यंत मी आईचं पाणी व्हरांड्यातल्या बायांना वाटून टाकलं होतं, तळाशी ज्येष्ठमधाची कांडी तेवढी राहिली होती. ती तांब्या घेऊन माठाकडे गेली आणि ओघराळ्यानं एकेक करत तो काठोकाठ भरला. झाकण पिळलं, पदरानं बाहेरून पुसला आणि माझ्या हातात दिला. टँकरचं पाणी होतं ते, रांगेत उभं राहून आणलेलं.

तिच्यासमोर मी पिशवीचं तोंड उघडलं आणि तांब्या आत ठेवला. उभाच्या उभा, दोन्ही हातांनी.